दिली, सोडली की गेली? माघारीच्या इंग्रजी शब्दांविषयी

या मालिकेत शब्दांवर बोलताना एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. इंग्रजीत यील्ड, सबमिट, सरेंडर, सीड, कन्सीड, कॅपिट्युलेट, रिलिंक्विश, वेव्ह असे कितीतरी शब्द आहेत. मराठीत मात्र भाषांतरकार फिरून फिरून 'शरण जाणे' नाहीतर 'सोडून देणे' यावरच येतो. मग मराठी या बाबतीत गरीब आहे का? आज द्रोणागिरीत आपण बसलो आहोत, आणि या प्रश्नाला याहून योग्य जागा आम्हाला तरी सुचत नाही. का, ते बोलण्याच्या ओघात येईलच.

आधी गरिबीचं बघू. एखादी सून सासूपुढे 'नमतं घेते', तेव्हा वाद तेवढ्यापुरता मिटतो, नातं चालू राहतं. थोरला भाऊ 'पडतं घेतो', तेव्हा आपलंच बरोबर आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं, पण घर मोडू नये म्हणून तो गप्प बसतो. हट्टी पोरापुढे आपण 'हात टेकतो'. इथं पोरगं जिंकलेलं नसतं, आपला दम संपलेला असतो. 'नांगी टाकली' यात बोलणाऱ्याची तुच्छता आहे. 'हक्कावर पाणी सोडलं' हे तर दानाच्या संकल्पातून आलेलं. हातावरून उदक सोडलं की वस्तू आपली राहत नाही. पुढे हाच वाक्प्रचार बुडालेल्या पैशाला लागू झाला, ही आपल्या भाषेची गंमत. इतके बारकावे असलेल्या भाषेला गरीब म्हणणं बरोबर नाही. गरिबी आहे ती कागदाच्या मराठीत, म्हणजे कचेरीत, वर्तमानपत्रात, पाठ्यपुस्तकात आणि भाषणात. आमची टीका त्या मराठीवर आहे.

आता इंग्रजी शब्दांकडे. कोश हे शब्द एका ओळीत मांडतो, त्यामुळे ते एकमेकांच्या जागी चालतील असं वाटतं. वेगळे कसे करायचे? भावनेच्या छटा शोधत बसण्यापेक्षा साधा प्रश्न विचारावा: माघार घेतल्यावर माणसाच्या हातात काय उरलं? या एका प्रश्नानं बरीच उकल होते.

यील्डपासून सुरुवात करू. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर उलटा त्रिकोण दिसतो, समोरच्या वाहनाला आधी जाऊ द्या असं सांगणारा. अमेरिकेत त्याच त्रिकोणावर 'यील्ड' लिहिलेलं असतं. थांबणाऱ्यानं काही गमावलेलं नसतं. कंटेनर पुढे गेला की त्याची पाळी येतेच. बांधकामावरच्या मंडळींना सळईचा 'यील्ड पॉइंट' माहीत असेल. ताण दिला की सळई लांबते, सोडला की पूर्ववत होते, पण एका मर्यादेपलीकडे गेली की लांबलेलीच राहते. मोडत मात्र नाही. यील्ड करणारा असा असतो: जोरापुढे वाकलेला, पण शाबूत. शिवाय याच शब्दाचा दुसरा अर्थ पीक, म्हणजे आपल्या भाषेत उतारा. उरणच्या भातखाचराला एकरी काय उतारा पडतो असं विचारत, तो उतारा. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थच 'देणं चुकवणं' असा होता. जमीन पीक देते आणि माणूस वाट देतो, दोन्ही एकाच क्रियापदात बसलं.

सबमिटमध्ये खाली ठेवणं आहे. इथं वस्तू जात नाही, पायरी बदलते. समोरच्याचा अधिकार मान्य झाला, एवढंच. म्हणून अर्जही सबमिट करतात आणि माणूसही सबमिट होतो. मराठीत 'सादर' आणि 'मान तुकवणं' असे दोन वेगळे शब्द आपण वापरतो, ते आम्हाला जास्त प्रामाणिक वाटतात.

सरेंडरवर थोडं थांबायला हवं, कारण मराठी माणसानं हा शब्द जसाच्या तसा घरात घेतला आहे. खोली सरेंडर केली, पॉलिसी सरेंडर केली, सरेंडर व्हॅल्यू किती मिळाली, गुन्हेगार ठाण्यात सरेंडर झाला. मूळ फ्रेंच शब्दात 'परत देणं' आहे. इंग्रजी जमीन कायद्यातही कुळानं आपला हक्क मालकाला परत केला की ते सरेंडर. म्हणजे वस्तू वरच्याकडे जाते, आणि ती मुळात त्याचीच होती असा गर्भित अर्थ राहतो. याला 'शरण' हा शब्द लावणं आम्हाला मोठी गफलत वाटते. संस्कृतात शरण म्हणजे आसरा, रक्षण. बिभीषण शरण आला तेव्हा बांधला गेला तो राम. आलेल्याला अभय देणं हे त्याचं कर्तव्य झालं. वारकरी पंढरीच्या देवाला शरण जातो तेव्हा तो काही हरलेला नसतो. त्यानं देवावर आपला भार टाकलेला असतो. शरण या शब्दात घेणाऱ्यावर जबाबदारी आहे. सरेंडरमध्ये ती नाही. तिथं अटी वेगळ्या लिहून घ्याव्या लागतात. म्हणून 'सैन्य शरण आलं' असं आपण लिहितो तेव्हा जेत्याला न मागता दयाळूपण बहाल करतो. गडचिरोलीच्या बातम्यांत तर 'आत्मसमर्पण' येतं. बंदूक खाली ठेवून पोलिसांपुढे येण्याच्या कृतीला भक्तीचा शब्द! 'शस्त्रं खाली ठेवली' एवढं लिहिलं तर काय बिघडतं, हे आम्हाला कळलेलं नाही.

आता द्रोणागिरी. हा डोंगर करंजाच्या बेटावरचा. आज भराव, रस्ते आणि इमारतींमुळे बेट म्हणून तो ओळखूच येत नाही, पण अठराव्या शतकात करंजा हे बेट होतं आणि तहनाम्यांत त्याचं नाव येतं. इथं आपल्याला 'सीड' हा शब्द भेटतो. बी-बियाण्याचा सीड नव्हे, मुलूख तोडून देण्याचा. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ बाजूला होणं, निघून जाणं. या अर्थानं हा शब्द साध्या माणसाला वापरताच येत नाही. तुम्ही-आम्ही मुलूख सीड करू शकत नाही, ते राज्यानं राज्यासाठी करायचं असतं.

१७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणं आणि साष्टी लढून घेतली. १७७५ च्या सुरतेच्या तहात पेशवेपदासाठी धडपडणाऱ्या राघोबादादांनी साष्टी आणि वसई इंग्रजांना देऊ केली. आता बघा, साष्टी इंग्रजांनी आधीच घेतलेली, वसई पुण्याच्या कारभाऱ्यांच्या ताब्यात, आणि देणारे राघोबादादा, ज्यांच्या हाती दोन्हीपैकी काही नव्हतं. तरी तहाच्या इंग्रजीत क्रियापद तेच शोभिवंत. पुढे कलकत्त्यानं तो तह मोडीत काढला, १७७६ ला पुरंदरचा तह झाला, लढाई पुन्हा पेटली, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी, घारापुरी, करंजा ही बेटं इंग्रजांकडे कायम झाली. या सगळ्या उलाढालीत करंजाच्या कोळ्यानं किंवा आगऱ्यानं कोणतं क्रियापद केलं? कोणतंच नाही. सीड या शब्दाचा कर्ता राजा असतो, कर्म जमीन असते, आणि जमिनीवरची माणसं वाक्याबाहेर असतात. शब्दाचा हा दोष नाही, तो कामच तसं करतो. दोष आपल्या इतिहासाच्या पुस्तकांचा, ज्यांत सरळ 'साष्टी इंग्रजांना दिली' असं छापलं जातं. लढून घेतलेलं, कागदावर कबूल केलेलं आणि खुशीनं हातावर ठेवलेलं, सगळ्याला 'दिली'.

याच्या उलट चूक १६६५ च्या पुरंदरच्या तहाबाबत होते. शिवाजी महाराजांनी २३ किल्ले मोगलांना दिले, १२ स्वतःकडे ठेवले. याला कोणी 'शरणागती' म्हणतं, आणि मग त्यावर रागावून दुसरा कोणी 'हा डावपेच होता, माघार नव्हतीच' असं म्हणतो. कॅपिट्युलेट हा शब्द इथं उपयोगी पडतो. आज इंग्रजीत तो जवळजवळ शिवीसारखा वापरतात, पण मुळात त्यात कलमवार अटी ठरवणं आहे. कॅपिट्युलम म्हणजे प्रकरण, मथळा. आपल्याकडे 'कलमबंदी' होती, चांगला शब्द होता. किल्ले गेले हे खरं, अटींवर गेले हेही खरं, आणि १६७० च्या फेब्रुवारीत सिंहगड परत आला हेही खरं. सळई यील्ड पॉइंटच्या अलीकडेच होती, असं वाटल्यास म्हणा.

तहांचा हा भाग आम्ही जरा भरभर घेतला, कारण मुख्य मुद्दा पुढे आहे.

१९७० च्या मार्चमध्ये सिडको स्थापन झाली, आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. द्रोणागिरी हे त्या शहराचं एक नोड. कायदा १८९४ चा, लँड ॲक्विझिशन ॲक्ट. त्याचं मराठी झालं 'भूसंपादन'. हा शब्द कानाला सवयीचा झाला म्हणून, नाहीतर दचकावं असा आहे. संपादन आपण कशाला म्हणतो? ज्ञान संपादन करतो, यश संपादन करतो, लोकांचा विश्वास संपादन करतो. कष्टानं, गुणानं मिळवलेली गोष्ट म्हणजे संपादन. सक्तीनं घेण्याच्या कायद्याला आपण कमावण्याचा शब्द दिला. घेणाऱ्याची बाजू एवढी उजळ झाल्यावर देणाऱ्यासाठी कोणता शब्द उरणार?

आणि त्याहून महत्त्वाचा शब्द पुढे आहे. कलेक्टर मोबदला ठरवून जो कागद काढतो, त्याला कायद्याच्या इंग्रजीत 'अवॉर्ड' म्हणतात आणि मराठीत 'निवाडा'. निवाडा म्हणजे काय, हे गावातल्या म्हाताऱ्याला विचारा. दोघांचं ऐकून तिसऱ्यानं दिलेला निर्णय. निवाडा झाला म्हणजे विषय संपला. पण न्यायालयांनी अनेकदा सांगितलं आहे की कलेक्टरचा अवॉर्ड हा निकाल नव्हे. तो सरकारच्या वतीनं केलेला देकार आहे. आम्ही इतकी रक्कम देऊ करतो, असं एका पक्षाचं म्हणणं. पटत नसेल तर कायद्याच्या १८ व्या कलमाखाली प्रकरण न्यायालयाकडे पाठवायला सांगता येतं. त्याला मुदत आहे: निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याला सहा आठवडे. आणि एक अट आहे. पैसे घेताना ते 'अंडर प्रोटेस्ट' घेतलेले असले पाहिजेत. ३१ व्या कलमात स्पष्ट आहे की ज्यानं असा निषेध न नोंदवता रक्कम घेतली, त्याला १८ व्या कलमाखाली अर्ज करता येत नाही.

आता दोन्ही शब्द एकत्र ठेवा. ज्याला 'निवाडा झाला, पैसे घेऊन जा' असं सांगितलं, तो विषय संपला असं समजून सही-अंगठा करून घरी आला. ज्याला 'सरकारनं एवढा देकार केला आहे, घ्यायचा असेल तर हरकत राखून घ्या' असं सांगितलं असतं, तो वेगळा वागला असता. दोघांनी जमीन तेवढीच दिली, रक्कम तीच उचलली, ताबा त्याच दिवशी गेला. पण एकाच्या हातात भांडण्याचा हक्क उरला आणि दुसऱ्याच्या हातात काही उरलं नाही. सुरुवातीचा आमचा प्रश्न आठवा. शब्दांतले फरक हा पंडितांचा खेळ आहे असं म्हणणाऱ्यांना आम्ही ही पावती दाखवू.

अंडर प्रोटेस्ट देणं-घेणं याला इंग्रजीतही एक शब्द नाही, हे लक्षात घ्या. यील्ड जवळचा आहे, पण यील्ड करणारा तोंडानं काही बोलत नाही. कन्सीड तर उलट, त्यात समोरच्याचा मुद्दा बरोबर आहे अशी कबुली येते. ॲक्वीएस, म्हणजे मुकाट राहून संमती दिल्यासारखं होणं, हे इथलं नेमकं भय आहे. वाट तर द्यायची, पण गप्प बसलो असं होऊ द्यायचं नाही, यासाठी इंग्रजांना दोन शब्द जोडावे लागले. मराठीत आम्ही 'हरकत राखून' सुचवतो. 'निषेध नोंदवून' यात मोर्चाचा वास येतो, आणि कारकून तो शब्द लिहून घ्यायला काचकूच करतो. 'हरकत' हा महसुलाच्या कागदातला रोजचा शब्द, आणि 'राखून' यात काहीतरी हाताशी ठेवल्याचा अर्थ आहे. १८९४ चा कायदा गेला, १ जानेवारी २०१४ पासून नवा कायदा लागू झाला, पण निषेध नोंदवून रक्कम घेण्याची ही तरतूद नव्या कायद्यातही आहे. तेव्हा शब्दाचं काम संपलेलं नाही.

मधल्या काळात जे घडलं ते इथल्या श्रोत्यांना आम्ही सांगावं असं नाही. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालचं आंदोलन, १९८४ च्या जानेवारीतले १६ आणि १७ हे दिवस, पोलिसांचा गोळीबार, पाच हुतात्मे. त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं धोरण आलं, १९९० मध्ये. आम्हाला या ठिकाणी दुसऱ्या बाजूचं क्रियापद बघायचं आहे. सरकारनं काय केलं? बातमीच्या मराठीत दोनच पर्याय असतात: 'सरकारनं मागणी मान्य केली' किंवा 'सरकारनं नमतं घेतलं'. मान्य करणं वरून खाली होतं. त्यात दबावाचा मागमूस राहत नाही. नमतं घेणं हे घरातलं, तात्पुरतं. कन्सीड या शब्दात जे आहे, म्हणजे तुमच्या म्हणण्यात तथ्य होतं हे आम्हाला कबूल करावं लागलं, ते दोन्हींत नाही. 'कबूल केलं' हा साधा शब्द होता. तो कोणी वापरत नाही, कारण कबुली चोर देतो अशी आपली समजूत.

लोक काय म्हणतात ते ऐकण्यासारखं आहे. उरणच्या कुठल्याही गावात विचारा: 'जमीन सिडकोत गेली.' दिली नाही, सोडली नाही, घेतलीसुद्धा नाही, तर गेली. कर्ता नाही. माणूस गेला, पीक गेलं, तशी जमीन गेली. व्याकरणाच्या दृष्टीनं हे हतबल वाक्य वाटेल, पण आम्हाला ते फार नेमकं वाटतं. बोलणारा आपल्या तोंडून 'दिली' असा शब्द निघू देत नाही. त्याची हरकत त्यानं क्रियापदात राखलेली आहे. आणि मग व्यासपीठावर पाहुणे येतात आणि म्हणतात, 'इथल्या भूमिपुत्रांनी शहरासाठी आपल्या जमिनींचा त्याग केला.' त्याग! त्यागाला इच्छा लागते. त्यागाचा मोबदला वाढवून मागता येत नाही. त्यागासाठी गोळ्या खाव्या लागत नाहीत. मान म्हणून दिलेला हा शब्द हक्क काढून घेतो. त्यापेक्षा सरकारी 'प्रकल्पग्रस्त' बरा. त्यात ग्रहण लागल्यासारखं काही आहे, पण निदान झळ पोचल्याची कबुली आहे.

शेवटचा शब्द वेव्ह. हात हलवण्याचा नव्हे, हक्क सोडण्याचा. रिलिंक्विश आणि वेव्ह यांत फरक असा की रिलिंक्विशमध्ये हातात असलेली वस्तू मूठ उघडून सोडली जाते. वेव्हमध्ये मागण्याचा हक्क असून मागायचं नाही असं ठरवलं जातं. आपल्या घरांत या दोन्हींसाठी एकच कागद असतो, हक्कसोडपत्र. साडेबारा टक्क्यांचा भूखंड वारसांच्या नावे होऊ लागला की बहिणींना निरोप जातात. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखा हिस्सा आहे, आणि २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं तो देशभर झाला. तरी बहीण सही करते. ती काय करते, कोणत्या शब्दानं सांगाल? हिस्सा अजून हातात आलेला नाही, म्हणून रिलिंक्विश म्हणणं अवघड. हक्क ठाऊक असून न मागणं म्हणावं, तर पुष्कळदा कागद वाचूनही दाखवलेला नसतो, आणि जाणीव नसेल तर वेव्ह होत नाही, असं इंग्रजी कायदाच म्हणतो. माहेर तुटू नये म्हणून केली असेल तर ते आपलं 'पडतं घेणं'. पण कागदाच्या वर 'राजीखुशीने' छापलेलं असतं.

राजीवरून आठवलं. 'राजीनामा' आज मंत्र्याचा किंवा नोकरीचा. पण मुंबई इलाख्याच्या महसुली व्यवहारात राजीनामा म्हणजे खातेदारानं जमीन सोडत असल्याचा कागद, आणि ज्यानं ती घेतली त्याची कबुलायत. राजी असल्याचा कागद, एवढाच शब्दार्थ. जमीन सोडणाऱ्यानं राजी असल्याचं लिहून द्यायचं ही पद्धत इतकी जुनी आहे.

पुढच्या खेपेला येताना घरातली जुनी कागदं चाळून या. ताबेपावती असेल, मोबदल्याची पावती असेल, आजीची किंवा आत्याची सही असलेलं हक्कसोडपत्र असेल. मजकूर सगळा वाचायची गरज नाही. क्रियापदाखाली पेन्सिलीनं रेघ मारा, आणि त्याच्या आधी 'हरकत' किंवा 'प्रोटेस्ट' असं काही लिहिलं आहे का तेवढं पाहा. त्या कागदांवरच पुढचं व्याख्यान करू.